आयुष्याच्या पायऱ्या कोणाच्या मापाने?

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कोणालाही 'मानवी विकासाच्या अवस्था' विचारा, उत्तर तोंडपाठ येईल. शैशवावस्था, बाल्यावस्था, किशोरावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था. प्रत्येकीसमोर वयाचा रकाना, पुढे शारीरिक, बौद्धिक, भावनिक आणि सामाजिक विकासाचे रकाने. टीईटीच्या तयारीची पुस्तकं चाळली तर त्यांतही हाच तक्ता सापडतो. गंमत अशी, की विशी ओलांडली की रकान्यांतला मजकूर झपाट्याने आटतो आणि शेवटच्या ओळीत बहुधा एकच शब्द उरतो : ऱ्हास.

तक्ता सरसकट खोटा नाही. बाळ मान धरतं, पालथं पडतं, बसतं, उभं राहतं, पाऊल टाकतं, हा क्रम जगभर साधारण सारखाच आहे. पण हा तक्ता पाठ करता करता दोन समजुती घट्ट होतात. जे घडायचं ते पहिल्या पाच-सहा वर्षांत घडून जातं, ही एक. साठीनंतर नुसता उतार असतो, ही दुसरी. गेल्या शंभर वर्षांत माणसांच्या वाढीवर जे काम झालं ते एकत्र पाहिलं तर दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या निघतात. नुसतं वय फार थोडं ठरवतं. त्या त्या वयात पोटात काय गेलं, कष्ट किती पडले आणि सोबतीला कोण होतं, यावर बरंच काही ठरतं. शिवाय हे तक्ते ज्यांच्यावरून काढले ती माणसं मोजकी होती आणि एकमेकांसारखीच होती.

अमेरिकेत स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली किशोरवयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि 'वादळी वय' ही कल्पना शिक्षणशास्त्रात कायमची बसली. जीन पियाजे यांनी मुलांच्या विचारांच्या पायऱ्या मांडल्या. तान्ह्या वयाबद्दलची त्यांची निरीक्षणं मुख्यतः स्वतःच्या तीन मुलांवरची होती. निरीक्षक म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस क्वचितच झाला असेल. तरीही पाळण्यातल्या बाळाला ते कमी लेखत होते, हे पुढे दिसलं. झाकलेली वस्तू अस्तित्वात असते हे बाळाला आठ-नऊ महिन्यांच्या आसपास उमगू लागतं, असं पियाजे म्हणत. १९८०च्या दशकात रेने बायारझाँ यांनी बाळाला हाताने काही शोधायला लावण्याऐवजी ते कशाकडे जास्त वेळ टक लावून पाहतं ते मोजलं, तेव्हा चार-पाच महिन्यांच्या बाळांनाही अशक्य घटना खटकते असं आढळलं. समज आधीच आलेली होती, हात मागे होता. लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या त्या फक्त मुलग्यांशी बोलून. १९८२ मध्ये कॅरोल गिलिगन यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

या सगळ्यांत एरिक एरिकसन वेगळे. त्यांच्या आधी फ्रॉइडच्या परंपरेत माणूस लहानपणीच जवळपास पुरा घडून जायचा. एरिकसन यांनी १९५० साली आठ टप्पे मांडले आणि त्यांतले शेवटचे तीन विशीच्या पुढचे ठेवले. जवळीक साधणं, पुढच्या पिढीसाठी काही उभं करणं आणि अखेरीस आपलं आयुष्य 'हे माझंच होतं' म्हणून स्वीकारणं, ही त्यांच्या लेखी वाढच होती. त्यांचा आपल्या मुलुखाशी संबंध पुस्तकी नव्हता. अहमदाबादच्या १९१८ सालच्या गिरणी संपातले गांधी समजून घेण्यासाठी ते इथे येऊन राहिले, त्या संपात असलेल्या माणसांशी बोलले आणि १९६९ मध्ये त्यांचं 'गांधीज ट्रूथ' आलं. अहमदाबादेतच त्यांची तरुण सुधीर कक्कर यांच्याशी गाठ पडली. पुढे कक्कर यांनी 'द इनर वर्ल्ड'मध्ये आपली आश्रमव्यवस्था आणि एरिकसन यांचे टप्पे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ती तुलना उद्बोधक आहे, पण एक गोष्ट विसरायला नको. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास या चार आश्रमांचं मापही पुरुषाच्या अंगावर, आणि तेही वरच्या तीन वर्णांतल्या पुरुषाच्या अंगावर घेतलेलं. बोस्टन असो की धर्मशास्त्र, शिंपी एकाच गिऱ्हाइकाला ओळखत होता.

तक्त्यांची परीक्षा झाली ती वेगळ्याच पद्धतीने. आज वीस वर्षांचे शंभर आणि सत्तर वर्षांचे शंभर लोक तपासून 'वयाने असा फरक पडतो' म्हणणं सोपं आहे. पण सत्तरीचे लोक वेगळ्या काळात वाढलेले असतात. कमी शिकलेले, दुष्काळ-युद्ध पाहिलेले. त्यांच्यातला फरक वयाचा की काळाचा, हे अशा तपासणीत कळत नाही. ते कळायचं तर त्याच माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. पैसा लागतो, चिकाटी लागते आणि संशोधक निवृत्त झाला तर वही हाती घेणारा वारस लागतो. जगात असे पाठपुरावे मोजकेच आहेत. त्यांतला एक पुण्याजवळ आहे, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसतं.

त्याची पूर्वपीठिका इंग्लंडातली. हर्टफर्डशायरमध्ये १९११ पासून दाया आणि परिचारिका घरोघरी जाऊन बाळांची वजनं घेत आणि खातेवहीत लिहून ठेवत. जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन. त्या वह्या कपाटात पडून होत्या. डेव्हिड बार्कर यांनी त्या बाहेर काढल्या, त्यांतली बाळं पुढे कशाने दगावली ते शोधलं आणि १९८९ मध्ये जाहीर केलं, की जन्मतः आणि वर्षाच्या वयात वजनाने कमी असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. हृदयरोग म्हणजे चाळिशीनंतर सुखवस्तूपणातून येणारं दुखणं, या समजुतीला तो धक्का होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची नोंद सुरू केली, गरोदर राहण्याच्याही आधीपासून. बाळ जन्मलं की वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर आणि कॅलिपरच्या चिमटीत धरून पाठीवरच्या कातडीची जाडी. इथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आठशे ग्रॅमची तफावत. पण खरी गोष्ट वजनकाट्यावर नव्हतीच, चिमट्यात होती. आपलं बाळ स्नायूंत बारीक, पोटातल्या अवयवांत बारीक, पण पाठीवरची चरबी मात्र त्याने जवळपास राखलेली. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार. असंच शरीर पुढे पोटभर खायला आणि बसायला मिळालं की मधुमेहाकडे झुकतं. डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. वैद्यकाच्या नियतकालिकांत विनोदबुद्धी अशी क्वचितच दिसते.

सहा गावांतल्या या आयांच्या खाण्याचा हिशेब मांडला तेव्हा नुसत्या उष्मांकांचं बाळाच्या वजनाशी फारसं नातं लागलं नाही. ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळं मोठी होती, आणि ज्या पाणी वाहण्यासारखी, शेतातली जड कामं जास्त करत होत्या त्यांची लहान. 'दोन जिवांची आहेस, चार घास जास्त खा' या सल्ल्यात चूक नाही, पण चार घास कशाचे आणि डोक्यावरचा हंडा कोण उतरवणार, हे प्रश्न राहतातच. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना रोज दिला. गरोदरपणाच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला तर बाळाचं वजन थोडं वाढलं. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही हा खाऊ घेतलेल्या बायकांत ७.३ टक्के होतं, तर तुलनेसाठीच्या गटात १२.४ टक्के. मात्र आपल्याकडे सरकारी यंत्रणेची गाठ बाईशी पडते ती बहुधा तिचे दिवस राहिल्यावर. तोवर वेळ निघून गेलेली असते.

जन्मानंतरची पहिली वर्षं महत्त्वाची आहेत, यावर वाद नाही. जन्मतः मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या साधारण चतुर्थांश असतं आणि सहाव्या वर्षापर्यंत ते नव्वद टक्क्यांच्या घरात जातं. इथे एक जुनं पालुपद खोडून काढायला हवं : 'आपली माणसं मुळातच बुटकी'. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली साडेआठ हजारांच्या आसपास मुलं मोजली. अट अशी, की बाळाला आईचं दूध, पुरेसं अन्न आणि स्वच्छ घर मिळालेलं असावं. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीच्या सुस्थितीतल्या घरांतली होती. सहाही देशांतली मुलं पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखी वाढली. महाराष्ट्रात मात्र पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४६.३ टक्के होतं, दहा वर्षांनी ३४.४ झालं आणि २०१९-२१ मध्ये ३५.२. एका दशकात मोठी घट झाली, मग गाडं अडलं. रक्त तेच, राज्य तेच. अडलं ते कशात, याचं उत्तर आनुवंशिकतेत शोधण्यात अर्थ नाही.

जगण्याचीच शाश्वती नसेल तिथे विकासाच्या गप्पा पोकळ ठरतात, म्हणून गडचिरोलीचं काम आधी आठवतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं शिकवलं. हजारी ६२ असलेला नवजात बालमृत्युदर काही वर्षांत २५च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि आशा कार्यकर्तीच्या घरभेटींच्या देशव्यापी कार्यक्रमाचा पाया इथे आहे.

पोट भरलं, जीव वाचला, पुढे काय लागतं? याचं सर्वांत क्रूर उत्तर रुमानियाने दिलं. चाउशेस्कूच्या राजवटीत गर्भपातबंदीमुळे नको असलेली हजारो मुलं सरकारी अनाथालयांत भरली गेली. वेळेवर जेवण, वेळेवर लंगोट बदलणं, पण उचलून घ्यायला ठरावीक माणूस नाही. राजवट कोसळल्यावर बुखारेस्टमधल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं सांभाळणाऱ्या घरांत दिली गेली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३ होता, घरांत गेलेल्यांचा ८१ आणि जन्मापासून आईबापांजवळ वाढलेल्यांचा १०९. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची प्रगती जास्त होती. लहानपण निर्णायक असल्याचा यापेक्षा सज्जड पुरावा मिळणार नाही, आणि तरीही उशिरा घर मिळणं व्यर्थ ठरलं असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

दुसरं टोक जमैकाचं. किंग्स्टनमधल्या १२९ खुज्या मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दोन वर्षं आठवड्यातून एक तास जायची, टाकाऊ डब्या-झाकणांच्या खेळण्यांनी आई आणि मूल यांना खेळायला शिकवायची. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई घरभेटी न मिळालेल्यांपेक्षा पंचवीस टक्के जास्त निघाली. महागडी प्री-स्कूल, फोनिक्सचे तक्ते, दोन वर्षांच्या मुलाची 'मुलाखत' यांवर पैसे उधळणाऱ्या शहरी पालकांनी हा अभ्यास जरूर वाचावा. कार्यकर्तीने मुलाला शिकवलंच नाही. तिने आईला मुलाशी बोलायचं धाडस दिलं.

आपल्याकडे हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कधीच ओळखलं होतं. बोर्डीला १९४५ साली सुरू झालेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. कोणत्याही तक्त्यानुसार त्यांचं किशोरवय सुरू होताच संपलं होतं. पस्तिशीत त्यांनी जे हाती घेतलं ते पुढची साडेचार दशकं चाललं.

सहा ते दहा-अकरा हा काळ तक्त्यांत शांत असतो, आणि संशोधनातही. दात पडतात, येतात. मूल वाचायला लागतं. नियम, गट, दोस्ती. एरिकसन यांनी या वयाचा प्रश्न एका वाक्यात मांडला : मला काही करता येतं, की मी निरुपयोगी आहे? आपल्या शाळांत याचं उत्तर प्रगतिपुस्तकाच्या भाषेत मिळतं.

किशोरवयाची गोष्ट मात्र सोपी नाही. हे वय सगळीकडे, सर्वकाळ होतं का? शरीराचं होतं. एकोणिसाव्या शतकात उत्तर युरोपात मुलींना पाळी सोळा-सतराच्या सुमारास येई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेराच्या आसपास आलं, मुख्यतः खाणं सुधारल्यामुळे आणि आजार घटल्यामुळे. म्हणजे शरीर लवकर मोठं होऊ लागलं. मेंदूच्या पुढच्या भागाची घडण मात्र विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जातात आणि उरलेल्या वेगवान होतात. या दोन घड्याळांमधली फट आता वाढली आहे. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्याने २००५ मध्ये एक साधा प्रयोग केला. किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवायला दिली. एकटे असताना किशोरवयीन मुलं फारशी बेफाम नव्हती. मित्र बघायला उभे राहिले की त्यांनी घेतलेले धोके वाढले. प्रौढांवर मित्रांचा परिणाम नाममात्र. दुचाकीवर तिघं बसून जाणारी पोरं पाहिली की हा प्रयोग आठवतो. धोका त्यांना कळत नाही असं नसतं, मागे बसलेल्यांची शाबासकी जास्त मोलाची वाटते.

पण हे सगळं ज्या मुलीला किशोरवय मिळालं तिच्यासाठी. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे जायला नकार दिला, म्हणून १८८४ मध्ये खटला उभा राहिला. त्या वादाच्या धगीत १८९१चा संमतिवयाचा कायदा आला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. दहावरून बारा! आगरकर बाजूने, टिळक विरोधात, आणि पुण्यात सभा उधळल्या गेल्या. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८९४ मध्ये परतून सुरत-राजकोटला त्यांनी अनेक वर्षं काम केलं. हा इतिहास संपलेला नाही. २०१९-२१च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. दर पाचांतली एक. तिच्या आयुष्यात एरिकसन यांचा 'मी कोण?' हा पाचवा टप्पा येतच नाही, कारण उत्तर बाकीच्यांनी आधीच ठरवलेलं असतं. अजून स्वतःची उंची वाढत असलेल्या मुलीच्या पोटात बाळ वाढतं तेव्हा दोघांचा हिस्सा एकाच ताटातून निघतो. सव्वादोन किलोचं बाळ इथून येतं.

म्हणून काय सगळं ठरून गेलं? हवाईच्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी चाळिशीपर्यंत माग काढला. गरिबी, दारू, भांडणं, मानसिक आजार अशी चार-चार संकटं असलेल्या घरांतली मुलं त्यांनी वेगळी काढली. त्यांतली एक तृतीयांश धडधाकट, जबाबदार तरुण झाली. त्यांच्यात साम्य काय होतं? घराबाहेर किंवा घरात निदान एक विश्वासाचं मोठं माणूस : आजी, काकू, शिक्षक, शेजारीण. याहून मोलाची गोष्ट पुढची आहे. अठराव्या वर्षी ज्यांच्या नावापुढे चोरी, शाळागळती, अकाली मातृत्व लागलं होतं, त्यांतली बरीच तिशी-चाळिशीत सावरलेली दिसली. कारणं साधी होती. पुन्हा शिक्षण, नोकरी, सैन्यातली शिस्त, चांगला जोडीदार, एखादा धर्मसमुदाय. लहानपण पुसलं गेलं नाही, पण त्याचा शब्द शेवटचा ठरला नाही.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. ती ३८ वर्षांची असताना मूत्रपिंड, फुप्फुसं, हिरड्या, रक्त अशा मोजमापांवरून त्यांच्या शरीराचं वय काढलं गेलं. सगळ्यांच्या जन्मदाखल्यावर ३८. शरीरं मात्र २८पासून ६१पर्यंत पसरलेली. यानंतर वयाचे रकाने आखताना हात थरथरायला हवा.

मध्यमवयाबद्दल फार लिहिलं जातं आणि फार कमी माहीत आहे. 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्दप्रयोग एलियट जॅक्स यांनी १९६५ मध्ये केला आणि मासिकांनी तो उचलला. मोठ्या पाहण्यांत असं संकट थोड्याच लोकांना आढळतं. हार्वर्डचा १९३८ पासूनचा अभ्यास नेहमी दाखल्यादाखल येतो. २६८ विद्यार्थी आणि बोस्टनच्या गरीब वस्तीतली ४५६ मुलं, निष्कर्ष असा की पन्नाशीतले जिव्हाळ्याचे संबंध पुढच्या तब्येतीचं चांगलं भाकीत करतात. निष्कर्ष पटतो. फक्त ते सगळे पुरुष होते, गोरे होते.

त्यांच्याशेजारी बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार बाई ठेवून पाहा. २०१९ मध्ये आरोग्य खात्याने सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींची तिशीतच. कोयत्यावर खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, फडात शौचालय नसतं, पांढरं जाणं आणि दुखणं चालूच राहतं, आणि कोणी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. भारतीय स्त्रीची पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते. या बाईला ऋतुनिवृत्ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळाली. अंडाशयही काढले गेले असतील तर हाडांची झीज आणि हृदयविकाराचा धोका दहा-पंधरा वर्षं आधी. तिचं मध्यमवय कोणत्या रकान्यात बसवायचं?

राहिली साठी. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण वॉर्नर शाये यांच्या सिएटलमधल्या अभ्यासाने बरीच लंगडी करून टाकली. १९५६ पासून दर सात वर्षांनी त्याच माणसांची बुद्धी तपासली, तेव्हा दिसलं, की झटपट ओळखण्याचा वेग तरुणपणीच उतरू लागतो, पण शब्दांचं भांडार आणि समजून तर्क करण्याची शक्ती मध्यमवयात टिकते किंवा वाढते. ठळक घट बहुतेकांत साठीनंतर, आणि तीही प्रत्येकात सारखी नाही. शरीराचं काय? बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालताना काठी सोडली. 'या वयात आता व्यायाम कसला' म्हणून आपण आजीला खुर्चीत बसवून ठेवतो आणि मग ती उठता येत नाही म्हणून हळहळतो.

म्हातारपण नुसतं गोड करून सांगणंही खोटं ठरेल. एरिकसन गेल्यानंतर त्यांच्या पत्नी जोन यांनी, स्वतः नव्वदी पार केलेल्या असताना, नववा टप्पा लिहिला. शरीर रोज काहीतरी काढून घेतं तेव्हा जुने आठही प्रश्न उलटून समोर येतात, असं त्यांनी मांडलं. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीसच्या पुढच्या सुमारे ७२ हजार भारतीयांची पाहणी सुरू केली. त्याच पाहणीच्या जोडअभ्यासातून साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, पुरुषांत ५.८, बायकांत ९. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांत ते जास्त आहे. सातव्या वर्षी मुलीला शाळेतून काढून धाकट्याला सांभाळायला बसवलं, त्याची वसुली सत्तराव्या वर्षी अशी होते. साठीपुढच्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास विधवा आहेत. त्यांच्या नावावर जमीन नसते, खात्यात पैसा नसतो आणि औषधासाठी लेकाच्या तोंडाकडे पाहावं लागतं. एकटेपणावर बोलताना आपण सुनेला दोष देतो. सातबाऱ्याकडे कोणी बघत नाही.

या आढाव्यातून धोरणासाठी माझा कौल स्पष्ट आहे. अंगणवाडीवर होणारा खर्च कमी करू नये. पण पुढचा नवा रुपया दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींवर जावा : त्यांचं खाणं, त्यांची शाळा, त्यांचं लग्न लांबवणं. पुण्याच्या सहा गावांतल्या त्या बाळांना पौगंडावस्थेत ब-१२ जीवनसत्त्व देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग २०१२ पासून झाला, तो याच तर्काने. दुसरा नवा रुपया पंचाहत्तरीच्या पुढच्या बाईच्या पेन्शनवर.

आणि वाचकांना एक विनंती. एकाच माणसाचा जन्मापासूनचा धागा सांभाळणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. अंगणवाडीतला वाढीचा तक्ता मूल पहिलीत गेलं की रद्दीत जातो. तो टाकू नका. घरात एक वही ठेवा आणि प्रत्येकाचं जन्मवजन, आईला गरोदरपणात साखर होती का, पाळी कधी आली, कधी गेली, कोणती शस्त्रक्रिया का झाली, एवढं तरी लिहा. चाळिशीत मधुमेहाचा डॉक्टर यांतलं निम्मं विचारतो, आणि तोवर सांगणारं माणूस बहुधा हयात नसतं.